न फिटणारं देणं

तीन भागांच्या कादंबरीत मधला भाग बहुतेक वेळा उपेक्षित राहतो. पहिल्याला नवेपणाचा मान, तिसऱ्याला शेवटाचा. मधल्याने फक्त इकडचं सामान तिकडे पोचवायचं. सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ मालिकेतला ‘कॅचिंग फायर’ हा दुसरा भाग मी उघडला तोही तसाच, तिसऱ्यापर्यंत जायचं तर हा ओलांडावाच लागणार म्हणून. पहिला भाग २००८चा, हा २००९चा. कुमारवयातल्या वाचकांसाठी लिहिलेली ही पुस्तकं माझ्या हाती फार उशिरा आली, भाचीच्या कपाटातून, आणि तीही ‘मावशी, तुला नाही आवडणार, फार मारामारी आहे’ अशा इशाऱ्यासकट. मारामारी आहेच. तरी तिन्हींतलं हे मधलंच मी परत परत काढून वाचते, आणि त्याचं कारण मारामारीत नाही, कॅटनिसच्या हिशेबात आहे.

(पुढे कथेचा शेवटही येणार आहे. ज्यांना तो आधी कळलेला चालत नाही, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.)

ज्यांनी पहिला भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर अमेरिकेच्या जागी उरलेला पॅनेम नावाचा देश. मधोमध चैनीत लोळणारं कॅपिटल, भोवती त्याला पोसणारे बारा डिस्ट्रिक्ट. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टने एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची. चोवीस मुलं एकमेकांना मारणार, एक उरणार, आणि सगळ्यांनी ते टीव्हीवर बघायचं. मिनोटॉर नावाच्या राक्षसासाठी अथेन्सहून क्रीटला धाडल्या जाणाऱ्या मुलामुलींची ग्रीक कथा कॉलिन्स यांच्या मनात होती. शिवाय एका रात्री टीव्हीचे चॅनल बदलताना एकीकडे स्पर्धेचा रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे युद्धाची दृश्यं एकमेकांत मिसळत गेली, तिथून ही गोष्ट सुचली, असं त्यांनी सांगितलेलं आहे. कॅटनिस एव्हरडीन ही सोळा वर्षांची, कोळशाच्या खाणींवर जगणाऱ्या डिस्ट्रिक्ट १२ची. धाकट्या बहिणीचं, प्रिमचं नाव निघाल्यावर ती तिच्या जागी जाते. शेवटी ती आणि त्याच डिस्ट्रिक्टचा पीटा, दोघंच उरतात. एकाने दुसऱ्याला मारण्याऐवजी दोघं विषारी बोरं तोंडाशी नेतात, आणि कॅपिटलला दोघांनाही विजेते जाहीर करावं लागतं.

आता हिशेबाचं. कॅटनिसला कोणाचं देणं डोक्यावर राहिलेलं खपत नाही. अकरा वर्षांची असताना वडील खाणीतल्या स्फोटात गेले, आई अंथरुणाला खिळल्यासारखी झाली, घरात खायला काही नाही. पावसात बेकरीच्या मागे ती भिजत बसलेली असताना बेकरीवाल्याच्या मुलाने मुद्दाम पाव करपवले, त्याबद्दल आईचा मार खाल्ला आणि ते पाव तिच्याकडे टाकले. तो मुलगा म्हणजे पीटा. तिने त्याला कधी ‘थँक्यू’ म्हटलं नाही, आणि ते न म्हटलेलं तिला वर्षानुवर्षं सलत राहिलं. आखाड्यात गेल्यावरही ती याच डोळ्याने माणसं बघते. डिस्ट्रिक्ट ११ची छोटी रू मरते, कॅटनिस तिला फुलांनी सजवते, तर त्या डिस्ट्रिक्टची माणसं आपल्या पोटाला चिमटा काढून कॅटनिसला पाव पाठवतात. रूच्याच गावचा थ्रेश तिला एकदा जिवंत सोडतो आणि वर स्पष्ट करतो की आता फिटंफाट झाली. कॅटनिसला हे नीट कळतं. किंबहुना तिला एवढंच कळतं. वाण्याच्या दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं तिचं जग आहे: नाव, रक्कम, आणि फिटल्यावर त्यावर मारलेली रेघ.

उपासमारीतून वर आलेल्या मुलीचा हा स्वभाव मला अगदी पटतो. फुकट मिळालेल्या वस्तूमागे कोणीतरी कधीतरी येऊन उभं राहणार, हे तिला माहीत असतं. पहिला भाग संपतो तेव्हा तिची वही जवळपास कोरी असते. प्रिम वाचली, आपण वाचलो, पीटाही वाचला. दुसरा भाग तिथून सुरू होतो आणि ती वहीच फाडून टाकतो.

सुरुवात राष्ट्राध्यक्ष स्नोच्या भेटीने होते. तो तिच्या घरी येतो, अंगाला गुलाबाचा आणि रक्ताचा वास, आणि सांगतो की त्या बोरांनी डिस्ट्रिक्टमध्ये ठिणग्या पडल्या आहेत. लोकांना ते प्रेमातलं वेडेपण वाटलं पाहिजे, बंड नव्हे. विजययात्रेत तू आणि पीटा एकमेकांसाठी वेडे आहात हे देशाला पटवून दे, नाहीतर. पुढचं त्याला बोलावं लागत नाही.

यात्रेचा पहिलाच मुक्काम डिस्ट्रिक्ट ११. माझ्या मते सगळी कादंबरी या एका प्रसंगावर उभी आहे. चौकात रू आणि थ्रेश यांची घरची माणसं उभी केलेली आहेत. पीटा ठरलेलं बोलता बोलता मध्येच जाहीर करून टाकतो की दरवर्षी आपल्या दोघांच्या कमाईतला एक महिना या कुटुंबांना जाईल. उदार मनाचा मुलगा आहे, पण हीसुद्धा फेड करायचीच धडपड. कॅटनिस गप्प राहणार असते. तेवढ्यात रूच्या लहान बहिणीच्या नजरेतला ठपका तिला दिसतो आणि ती लिहून दिलेलं सोडून बोलते. थ्रेशबद्दल, रूबद्दल, आणि शेवटी त्या पावाबद्दल आभार मानते. सगळ्या यात्रेत तिने मनापासून बोललेलं म्हणावं तर एवढंच. गर्दीतला एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो. सगळा चौक डाव्या हाताची तीन बोटं ओठांना लावून तिच्याकडे उंचावतो. विसरलेली फुलं घ्यायला ती मागे वळते आणि तिच्या डोळ्यांदेखत शिपाई त्या म्हाताऱ्याला ओढून आणून त्याच्या डोक्यात गोळी घालतात.

तिने काय केलं होतं? देणं फेडलं होतं. पावाबद्दल आभार मानले होते. आणि ते फेडता फेडता एका माणसाचं नवीन देणं डोक्यावर येऊन बसलं, ज्याचं नावही तिला माहीत नाही आणि जो ते घ्यायला पुन्हा कधी येणार नाही. नायिकेची वाढ म्हटलं की आपल्याला वाटतं ती आता जास्त धीट होणार, जास्त चांगला नेम धरणार, भाषणं ठोकणार. कॉलिन्स तिला उलट दिशेने वाढवतात. तिचं खरेपण हेच धोकादायक ठरतं. त्यानंतरच्या मुक्कामांवर ती कागदावरचंच वाचते, आणि ते वाचताना तिला स्वतःची शिसारी येते.

ही यादी मग वाढतच जाते. गेल, तिचा शिकारीचा सोबती, रानटी टर्की विकायला म्हणून गावच्या जुन्या शिपाईप्रमुखाच्या दारी जातो. दार उघडतो नवा, थ्रेड नावाचा. भर चौकात गेलच्या पाठीची सालटी निघतात. डॅरियस नावाचा एक तरुण शिपाई मध्ये पडायला जातो. बाजारात कॅटनिसची चेष्टा करणारा, एका सशाच्या बदल्यात पापी देऊ का म्हणणारा असा तो पोरगेला माणूस. तो कथेतून नाहीसा होतो. पुढे कॅपिटलमध्ये कॅटनिसच्या दिमतीला दोन मुके नोकर उभे असतात, जीभ कापून गुलाम केलेले. त्यांतला एक डॅरियस. त्याच्याशी बोलायला बंदी. मग जेवताना तिच्या हातून वाटाण्यांचं भांडं खाली पडतं, ती कोणी अडवायच्या आत वेचायला वाकते, तोही वाकतो, आणि क्षणभर दोघांचे हात एकमेकांना लागतात. एवढंच. भरपाई वगैरे काही नाही. पहिल्या भागातली कॅटनिस इथे काहीतरी करायला धडपडली असती, निदान मनात आकडेमोड केली असती. ही फक्त वाटाणे वेचते. मला हा प्रसंग सगळ्या लढायांपेक्षा मोठा वाटतो.

गेल की पीटा, या प्रश्नावर वाचकांनी जेवढी शाई आणि इंटरनेट खर्ची घातलं आहे तेवढा त्या प्रश्नात जीव नाही, असं माझं मत आहे. त्यातून गेल तर या भागात बराच वेळ पाठीवर बर्फ घेऊन पडलेला आहे. तेव्हा ते सोडून देऊ.

पळून जायचा बेत मात्र सोडून देण्यासारखा नाही. स्नोचं समाधान झालेलं नाही हे कळल्यावर कॅटनिसचा पहिला विचार असतो तो सगळ्यांना घेऊन रानात निघून जाण्याचा. आपली माणसं मोजायची आणि त्यांना वाचवायचं. गेल आधी हरखतो, पण डिस्ट्रिक्ट ८मध्ये उठाव झाल्याचं तिच्याकडूनच कळतं तेव्हा मागे फिरतो. बाकीच्यांचं काय, असं विचारतो. तिला तेव्हा ते पटत नाही. गेलला मार बसल्याच्या रात्री मात्र त्याच्या उशाशी बसून ती स्वतःला विचारते की प्रिमसाठी मी गेले ते ठीक, पण प्रिमसारख्या बाकीच्या मुलींचं काय. आपल्या माणसांची यादी किती लांब असू शकते हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडतो, आणि ती राहायचं ठरवते. मोठ्या शब्दांत काही नाही; भीती होती तेवढीच आहे, फक्त आता ती तिच्या बाजूने निर्णय घेत नाही.

आणि लगेच कॉलिन्स तिच्या पायाखालची जमीन काढून घेतात. दर पंचवीस वर्षांनी या खेळांना खास नियम असतो. पंचविसाव्या वर्षी लोकांनीच मतं देऊन आपली मुलं निवडायची होती. पन्नासाव्या वर्षी दुप्पट मुलं पाठवायची होती. त्या वर्षीचा विजेता म्हणजे कॅटनिस आणि पीटाचा दारुडा मार्गदर्शक हेमिच. आता पंचाहत्तरावं. नियम: यंदा आधीच्या विजेत्यांतूनच नावं निघणार. डिस्ट्रिक्ट १२मधली जिवंत असलेली विजेती बाई एकच. कॅटनिस घरातून पळत सुटते, एका रिकाम्या घराच्या तळघरात जाऊन घसा बसेपर्यंत ओरडते, आणि मग हेमिचच्या दारात जाते. तो सांगतो की पीटा केव्हाच येऊन गेला, तिला वाचव म्हणून गळ घालून गेला. तिला तेव्हा लक्षात येतं की आपण एवढा वेळ फक्त स्वतःसाठी ओरडत होतो. हेमिच तिला सुनावतो, शंभर जन्म घेतलेस तरी त्या मुलाच्या लायकीची होणार नाहीस, अशा अर्थाचं काहीतरी. ती वाद घालत नाही. त्याच्यासोबत बाटली घेऊन बसते.

इतकी लाजिरवाणी घडी दुसऱ्या एखाद्या लेखकाने नायिकेला दिली नसती. ती शूर आहे हे आपल्याला ठाऊक आहे, बहिणीसाठी ती मरायला निघाली होती. पण शौर्य ही एकदा कमावून ठेवायची मिळकत नाही हे या मुलीला कळतं, तेही सतराव्या वर्षी, शेजारच्या दारुड्याच्या स्वयंपाकघरात.

मग आखाडा. यंदाचा आखाडा घड्याळासारखा आहे, बारा पाचरींचा. दर तासाला एका पाचरीत नवं संकट. हे कोडं डिस्ट्रिक्ट ३ची वायरेस सोडवते, ‘टिक टॉक’ एवढंच पुटपुटत. कॅटनिसचा एकच हेतू असतो: पीटाला जिवंत बाहेर काढायचं. पावाचं जुनं देणं एकदाचं मिटवायचं आणि मरून मोकळं व्हायचं. पण इथे भोवतालची माणसं विचित्र वागायला लागतात. डिस्ट्रिक्ट ४ची ऐंशी वर्षांची मॅग्ज, जिला धड बोलताही येत नाही, विषारी धुकं मागे लागलेलं असताना आपल्याला उचलून चालणं आता कोणाला झेपणार नाही हे ओळखते, तिच्याच डिस्ट्रिक्टच्या फिनिकच्या ओठांवर ओठ टेकवते आणि सरळ धुक्यात चालत जाते. डिस्ट्रिक्ट ६ची व्यसनाने खंगलेली एक बाई, जिचं नावही पुस्तक सांगत नाही, पीटावर झेपावलेल्या माकडासमोर स्वतःला झोकून देते. ती मरत असताना पीटा तिला रंगांच्या गोष्टी सांगत राहतो आणि ती स्वतःच्या रक्ताने त्याच्या गालावर फूल काढते. या माणसांनी कॅटनिसचं काहीही खाल्लेलं नाही. मग ती का मरत आहेत? तिची वही या नोंदी घेऊच शकत नाही.

कॉलिन्स यांनी ही कथा कॅटनिसच्याच तोंडून, वर्तमानकाळात सांगितली आहे, त्याचं मोल इथे कळतं. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. निम्म्या विजेत्यांनी मिळून एक कट केलेला असतो, तिला आणि पीटाला जिवंत ठेवायचा, आखाडा फोडायचा. खेळांचा मुख्य सूत्रधार प्लुटार्क हेवन्सबी कटात आहे, हेमिच आहे, फिनिक, जोहाना, बीटी हे विजेते, सगळे आहेत. फक्त कॅटनिस आणि पीटा नाहीत. खुणा तिच्या समोरच पडलेल्या असतात. प्लुटार्क नाचता नाचता तिला आपलं घड्याळ दाखवतो, त्यावर क्षणभर मॉकिंगजे पक्षी उमटतो, कॅटनिसच्या बिल्ल्यावरचा, बंडाची खूण झालेला. तिला वाटतं, मिरवतोय. रानात भेटलेल्या, डिस्ट्रिक्ट ८मधून पळालेल्या बॉनी आणि ट्विल तिला बिस्किटासारख्या पावाचा तुकडा दाखवतात, त्यावर तोच पक्षी. तिला अर्थ विचारून घ्यावा लागतो. आणि शेवटी समुद्रकाठी पॅराशूटने येतात ते डिस्ट्रिक्ट ३चे पाव, मोजून चोवीस. सगळे वाटणीचा हिशेब करतात. तिसरा दिवस, चोवीसावा तास, असा सुटकेचा निरोप त्या पावांत असतो. कॅटनिस आपल्या वाटणीचे खाते.

करपलेल्या पावापासून या पावापर्यंतचा प्रवास मला फार आवडतो. पहिला पाव तिने घेतला आणि जन्मभर ऋणी राहिली. दुसरा, डिस्ट्रिक्ट ११चा, तिने ओळखला आणि आभार मानले. हा तिसरा ती ओळखतही नाही. म्हणजे ती मंद झाली असं नाही. तिच्यासाठी आता इतकी माणसं इतकं काही करत आहेत की ते दिसणं एका माणसाच्या आवाक्यात राहिलेलं नाही.

त्याच समुद्रकाठी पीटा तिला एक लॉकेट देतो. आत तिची आई, प्रिम आणि गेल यांचे फोटो. म्हणजे, यांच्यासाठी तू परत जा. माझ्यावाचून कोणाचं अडणार नाही. तेव्हा ती म्हणते की माझं अडेल. या आधी पीटाच्या बाबतीत ती नेहमी देण्याच्या भाषेत बोलत आली. इथे पहिल्यांदा ती गरजेची भाषा बोलते, आणि गरज कबूल करणं हे या मुलीला बाण मारण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

२०१३ साली आलेला फ्रान्सिस लॉरेन्स दिग्दर्शित सिनेमा चांगला आहे, जेनिफर लॉरेन्स तर उत्तमच. पण सिनेमाने स्नो आणि प्लुटार्क यांच्या खासगी गाठीभेटी दाखवल्या, त्यामुळे प्रेक्षकाला कॅटनिसपेक्षा जास्त कळू लागतं आणि तो तिच्याकडे वरून बघू लागतो. शेवटी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो, दुःखाचा संताप होताना दिसतो, आणि आपण टाळ्या वाजवायला मोकळे. पुस्तकात असलं काही नाही. विजेच्या तारेला बांधलेला बाण ती आखाड्याच्या छतात सोडते, खरा शत्रू कोण हे विसरू नकोस असं हेमिचने बजावलेलं आठवून. छत फुटतं. शुद्धीवर आल्यावर आपण कॅपिटलच्या ताब्यात आहोत असं तिला वाटतं, म्हणून ती एक सिरिंज उचलते. पीटाचे हाल होण्याआधी त्याला आपल्या हाताने मारायचं, हे तिचं शेवटचं देणं. दार ढकलते तर समोर हेमिच, प्लुटार्क आणि फिनिक. सगळं तिला तिथे सांगितलं जातं. पीटा मागेच राहिला आणि कॅपिटलच्या हाती लागला हेही. ती हेमिचचा चेहरा नखांनी ओरबाडून काढते. टाळ्यांची जागा नाही ही.

तीन बोटांच्या त्या खुणेचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं. पुस्तकात ती डिस्ट्रिक्ट १२ची जुनी रीत आहे, क्वचित अंत्यविधीला दिसणारी: आभार, आदर, आणि जिवलगाचा निरोप. थायलंडमध्ये मे २०१४मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा निदर्शक हीच तीन बोटं वर करू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान प्रयुत यांच्यासमोर ही खूण केल्याबद्दल विद्यार्थ्यांना पकडलं, आणि बँकॉकमधल्या एका चित्रपटगृहांच्या साखळीने मालिकेतल्या पुढच्या सिनेमाचे खेळ रद्द केले. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर दवाखान्यांतले डॉक्टर-परिचारिका तीच खूण करताना दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारचे राजदूत चॉ मो टुन यांनी आपल्याच देशाच्या लष्करशाहीविरुद्ध बोलून तीच तीन बोटं वर केली. बातम्यांत तेव्हा ‘पुस्तकातली बंडाची खूण’ असं येत होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो शीळ घालणारा म्हातारा येत होता. त्याला बंड पुकारायचं होतं की नुसते आभार परत करायचे होते, हे पुस्तकात आपल्याला कळत नाही. कॅटनिसलाही नाही.

भाचीला हे सगळं पटत नाही. तिचं म्हणणं, मी कॅटनिसला फार गरीब गाय करून टाकते. ‘बाण तिनेच सोडला ना? तिला तर कोणी सांगितलंही नव्हतं. म्हणजे त्या सगळ्या मोठ्या माणसांच्या कटापेक्षा तीच पुढे होती.’ मुद्दा बिनतोड आहे. कटातला बेत वेगळ्याच क्रमाने घडायचा होता, आणि ऐनवेळी सगळं फिसकटलं असताना तिने जे केलं ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हतं. पण मी तिला विचारलं, त्या बाणाने काय होणार हे कॅटनिसला माहीत होतं का? शेवटच्या पानावर गेल तिला सांगतो की डिस्ट्रिक्ट १२ आता उरलेलाच नाही. कॅपिटलने बॉम्ब टाकून जाळून टाकला. आई आणि प्रिमला त्याने वेळेत बाहेर काढलं, पण गाव गेलं. बेकरी गेली, बेकरीतली माणसं गेली, कोळशाच्या धुळीतले ते चौक गेले.

‘तो तिचा दोष नाही,’ भाची म्हणाली.

नाहीच. आणि ते तिला सांगून काही उपयोग होणार नाही, हे तिसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर दिसतं, जिथे ती राखेत उभी आहे. त्या भागाबद्दल आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.